आईच्या सुट्टीचा प्रश्न

नांदुऱ्याच्या महामार्गावर १०५ फुटी मारुतीच्या दर्शनासाठी वाटसरू आवर्जून थांबतात. त्याच गावातील एखादी माता मात्र आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला तेथे नेण्याचे टाळत असेल. मुलगा स्वमग्न आहे, त्यातच बौद्धिक अक्षम. गर्दी, भोंगे आणि घंटांचा नाद त्याला सोसवत नाही. तो कानांवर हात ठेवून किंचाळतो, स्वतःलाच चावतो. मग भोवतालच्या नजरा मुलाकडून आईकडे वळतात. वरातीतील आणि मिरवणुकीतील डीजेचा उन्माद अशा घरात काय अनर्थ घडवतो, याचा विचार आम्हा उत्सवप्रेमींनी क्वचितच केला आहे.

आईला दोषी धरण्याचा हा रोग केवळ आपल्याकडचा नव्हे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यानंतर मातेच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा समज तेथील विद्वानांतही बळावला. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच एका मुलाचा पिता होता, १९६४ साली ग्रंथ लिहून तो समज खोडून काढला. आपल्या सुशिक्षित घरांत मात्र पूर्वजन्मीचे कर्म, गरोदरपणातील चूक, सुनेच्या माहेरचा दोष, असे खटले अजून चालूच आहेत!

या मातेचा दिवस कसा असतो? सोळाव्या वर्षीही मुलाला अंघोळ घालावी लागते, भरवावे लागते. तो रात्र-रात्र जागा असतो आणि दाराची कडी विसरली तर थेट रस्त्यावर जातो. मूल अंगाने वाढते, आईची कंबर मात्र झिजत जाते. नोकरी सुटते, लग्नकार्ये सुटतात, हळूहळू मैत्रिणीही सुटतात. प्रमाणपत्रासाठी घाटाखालून राजूर घाट चढून बुलढाणा गाठायचे, तेही बसमध्ये अस्वस्थ होणाऱ्या मुलाला सोबत घेऊन.

कायदे नाहीत असे नव्हे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाची व्यवस्था केली. न्यासाची 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, पण ती मुलासाठी. आईच्या पाठदुखीची वा निद्रानाशाची तेथे नोंद नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये अधिक साहाय्याची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' हे शब्दही त्याच कलमात आहेत. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेत घरच्या काळजीवाहकांना दरमहा सहाशे रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी, परंतु घरातील हे श्रम मोजण्याजोगे आहेत, एवढे तरी त्या सरकारने मान्य केले.

एकत्र कुटुंबाचा अभिमान आपण सांगतो. परंतु ज्या घरात आजी थकली आहे आणि काका पुण्यात आहेत, तेथे ते कुटुंब म्हणजे एकटी आईच असते. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेच्या पालकांनी मिळून आपल्या प्रौढ मुलांसाठी 'घरकुल' उभे केले. 'आमच्यामागे काय?' या प्रश्नाला त्यांनी शोधलेले ते उत्तर आहे. तालुक्याच्या गावी तेवढे सामर्थ्य नसेल. पण आठवड्यातून दोन तास त्या मुलासोबत बसण्याची दोन-तीन शेजाऱ्यांची तयारी होऊ शकते. आधी महिनाभर त्या घरी नुसते जावे, मुलाला ओळख पटू द्यावी. मग एखाद्या रविवारी दुपारी आईला सांगावे, "वहिनी, तुम्ही झोपा, आम्ही आहोत."