पाहुण्याने मिसळावे कसे?

'जर्मनीतले तुर्क साठ वर्षांत जर्मन झाले नाहीत, कारण मुसलमान कुठेच मिसळत नाही.' हे वाक्य आता सुशिक्षितांच्या तोंडीही येते. माझा उलटा सवाल आहे. त्यांना मिसळा असे कोणी, कधी सांगितले होते?

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. खाणी, पोलाद, मोटारी, सगळीकडे हात कमी पडत होते. इस्तंबूलमध्ये दातांपासून लघवीपर्यंत तपासणी करून धडधाकट माणसे रेल्वेत बसवली गेली. त्यांना नाव दिले 'गास्टआर्बाइटर', म्हणजे पाहुणा कामगार. (पाहुण्याला कोळशाच्या खाणीत उतरवायची रीत आपल्याकडे तरी नाही.) मूळ अट दोन वर्षांची होती. ती १९६४ मध्ये निघाली, पण माणुसकीने नव्हे. शिकवून तयार केलेला कामगार परत पाठवणे कारखानदारांना परवडेना. १९७३ मध्ये भरती बंद झाली, तेव्हा 'आता गेलो तर पुन्हा येता येणार नाही' म्हणून लोकांनी बायकामुले बोलावून घेतली. १९८३ मध्ये सरकारने साडेदहा हजार मार्क देऊ केले. भाषा शिकायला नव्हे, देश सोडून जायला!

आणि नागरिकत्व? १९१३ च्या कायद्याने ते रक्तावरून मिळे. तिथेच जन्मलेले, तिथलीच भाषा बोलणारे मूल २००० सालापर्यंत कागदावर परदेशीच जन्मले.

शिक्षक म्हणून मला सर्वांत जास्त टोचते ती शाळा. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वाटणी होते. हुशार ठरलेली गिम्नाझियममध्ये, बाकीची हाताच्या कामाकडे नेणाऱ्या शाळेत. घरी तुर्की बोलणाऱ्या दहा वर्षांच्या पोराची बुद्धी त्याच्या जर्मन व्याकरणावरून मोजायची आणि नंतर 'हे शिकत नाहीत' म्हणायचे! कोविडची लस शोधणाऱ्या बायोएनटेकचे उगुर शाहिन हे फोर्ड कारखान्यातल्या कामगाराचे चिरंजीव. त्यांचीही शिफारस खालच्या शाळेसाठीच झाली होती. एक जर्मन शेजारी मध्ये पडला म्हणून ते गिम्नाझियमला गेले. ज्यांना असा शेजारी भेटला नाही, त्यांचा हिशोब कोण ठेवणार?

१९९२ मध्ये म्योल्नला आणि १९९३ मध्ये झोलिंगेनला घरे पेटवून आठ तुर्की बायका-मुली मारल्या गेल्या. २००० नंतर नवनाझींनी नऊ स्थलांतरित दुकानदार-कामगारांना गोळ्या घातल्या, तर पोलीस कित्येक वर्षे मृतांच्याच घरच्यांवर संशय घेत राहिले.

तुर्कांचे चुकले नाही असे मी म्हणत नाही. मशिदींत इमाम अंकाऱ्याहून यायचे, त्यांना जर्मन येत नसे आणि समाजाला त्यात काही वावगे वाटले नाही. मराठी न येणारा मौलवी मराठी पोरांपुढे उभा करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजवायला नको.

पण धर्माचे कारण सांगणाऱ्यांनी बर्लिनचाच जुना इतिहास पाहावा. १६८५ मध्ये फ्रान्समधून जीव मुठीत धरून पळालेल्या ह्यूगेनो प्रॉटेस्टंटांना ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरने फर्मान काढून बोलावले. घरे दिली, करमाफी दिली, हक्क दिले. १७०० च्या सुमारास बर्लिनमध्ये दर पाचांत जवळपास एक माणूस फ्रेंच होता. त्यांनी आपले चर्च, आपल्या शाळा, आपली भाषा शंभर वर्षांहून अधिक जपली. 'ख्रिस्ती मिसळत नाही' असे त्यावरून कोणी म्हटले नाही. दार उघडे होते, ते आपल्या चालीने आत गेले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आता आपली पोरे, सगळ्या जातिधर्मांची, नर्स, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन म्हणून तिकडे जायची स्वप्ने बघत आहेत. जरूर जावे. पण पालकहो, पगाराचा आकडा विचारून झाला की आणखी थोडे विचारा. जर्मन शिकवण्याचा खर्च कोणाचा? इथले प्रमाणपत्र तिथे चालणार का? बायकोमुलांना व्हिसा केव्हा? आणि नोकरी सुटली तर राहायचा परवाना राहतो की जातो?