पदयात्रा आणि पायांची निगा

चिमूरहून वरोऱ्यामार्गे भद्रावतीच्या श्री केसरिया पार्श्वनाथ तीर्थापर्यंत पायी जाण्याचा भाव उत्तम. पण तो पायांनाही पेलला पाहिजे. साधू-साध्वींचे तळवे अखंड अनवाणी विहाराने कणखर झालेले असतात. दिवसभर पेढीवर बसणाऱ्या श्रावकाचे तसे नसतात.

मधुमेही श्रावकाने तर अनवाणी चालण्याचा आग्रह धरूच नये. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावू शकते. मग तापलेल्या डांबराचा चटका किंवा बाभळीचा काटा कळत नाही आणि जखम चिघळते. याच वाटेवर, वरोऱ्याला, बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले आनंदवन आहे. कुष्ठरोगातही पाय असेच बधिर होतात; म्हणून अशा रुग्णांना मऊ रबरी तळाची पादत्राणे देतात. मधुमेह्यालाही तोच न्याय लागू आहे. संघात अनवाणी चालण्याचा नियम असल्यास त्याने वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि आपली प्रकृती गुरुभगवंतांना आधीच निवेदन करावी.

बूट चामड्याचे नकोत, कापडी घ्यावेत. सायंकाळी पाय किंचित सुजतात, म्हणून खरेदी तेव्हाच करावी. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. नवे बूट यात्रेपूर्वी २-३ आठवडे वापरून सैलावून घ्यावेत. ओले मोजे तत्काळ बदलावेत. फोड आल्यास फोडू नये, स्वच्छ पट्टीने झाकावा. मुक्कामी पोहोचताच, उजेड असतानाच, तळवे तपासावेत.

बूट घातले म्हणून ईर्यासमिती सुटत नाही. पुढची साडेतीन हात भूमी पाहून टाकलेले पाऊल जीवांना जपते आणि पायालाही.