विश्लेषण : खेळाचा ‘कोच’ विद्यापीठात घडतो का? भडगावच्या मुलामुलींसाठी या पदवीचा अर्थ काय?

पहाटे पाच-साडेपाचला भडगावहून पाचोरा किंवा चाळीसगावच्या दिशेने निघालेल्या गाडीच्या उजेडात रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. शारीरिक चाचणीचे ५० गुण. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. त्यांना धावायला शिकवतो तो आधी भरती झालेला गावातला दादा, एखाद्या अकादमीचे सर किंवा मोबाइलवरचा व्हिडीओ.

यातलीच काही मुले बारावीनंतर घरी विचारतात, ‘खेळातच काही शिकता येईल का?’ घरच्यांना बी.पी.एड. माहीत असते. ‘स्पोर्ट्स कोचिंग’ म्हणजेच क्रीडा प्रशिक्षण हा विद्यापीठात शिकण्याचा वेगळा विषय आहे, हे फारसे माहीत नसते. तो कुठे शिकता येतो, त्यात काय असते आणि शिकून भडगावसारख्या तालुक्यात उपयोग काय, याचा हा आढावा.

शिक्षक आणि प्रशिक्षक यांत फरक काय?

बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकासाठीची पदवी आहे. पदवीनंतर पूर्वी एका वर्षात होणारा हा अभ्यासक्रम २०१५पासून दोन वर्षांचा झाला. शाळेतल्या सगळ्या मुलांना व्यायामाची गोडी लावणे, सर्व खेळांची तोंडओळख करून देणे, स्पर्धा भरवणे हे या शिक्षकाचे काम. वर्गात साठ मुले असतील तर साठही त्याचीच.

प्रशिक्षकाचे काम वेगळे. तो एका खेळाचा जाणकार असतो आणि निवडक मुलांना वर्षानुवर्षे घडवतो. राज्याच्या क्रीडा खात्यातही ‘क्रीडा अधिकारी’ आणि ‘क्रीडा मार्गदर्शक’ ही पदे वेगळी आहेत. पहिल्याकडे प्रामुख्याने स्पर्धा, योजना, अनुदान अशी प्रशासकीय कामे असतात, दुसऱ्याकडे मैदान. हा फरक प्रवेश घेताना लक्षात आला नाही, तर शिक्षकाची पदवी हातात घेऊन प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करण्याची वेळ येते आणि अर्ज पात्रतेच्या अटीवरच अडतो.

अभ्यासक्रम आहेत कुठे?

सर्वांत जुने आणि वजनदार नाव पतियाळाचे. तिथल्या मोतीबाग राजवाड्यात १९६१मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. तीच आजची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, मैदानावरच्या भाषेत ‘एनआयएस’. एका खेळातील प्रशिक्षणाची तिची पदविका देशभर ग्राह्य धरली जाते. त्यासाठी पदवी आणि स्वतः वरच्या स्तरावर खेळल्याचा अनुभव लागतो. याच संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. तो उपयोगाचा आहे. पण पदविकेच्या तोडीचा नाही. जाहिरातीत किंवा फलकावर ‘एनआयएस कोच’ एवढेच लिहिलेले असेल, तर पदविका की प्रमाणपत्र, हे पालकांनी विचारायला हवे.

ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था १९५७पासून आहे. मणिपूरमध्ये २०१८च्या कायद्याने राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ झाले. तिथे बारावीनंतर बी.एस्सी. स्पोर्ट्स कोचिंग ही चार वर्षांची पदवी घेता येते. गुजरात आणि तमिळनाडूने स्वतःची क्रीडा विद्यापीठे काढली आहेत.

महाराष्ट्रात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चे. या मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. मात्र राज्यातील बहुतेक महाविद्यालयांचा भर शारीरिक शिक्षणावर राहिला. ही उणीव भरून काढण्यासाठी डिसेंबर २०२०मध्ये विधिमंडळाने आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा मंजूर केला. जागा पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलाची. क्रीडा विज्ञान, क्रीडा तंत्रज्ञान आणि क्रीडा प्रशिक्षण हे विषय जाहीर झाले. आधी औरंगाबादला ठरलेले विद्यापीठ पुण्याला गेले म्हणून मराठवाड्यात नाराजी उमटली. पुणे की संभाजीनगर, यावर भरपूर बोलले गेले. या शिक्षणाची सोय खान्देशात कशी होणार, हा प्रश्न त्या वादात कुणी विचारला नाही.

या विषयात शिकण्यासारखे असते तरी काय?

शिट्टी, स्टॉपवॉच आणि ‘आणखी दोन चकरा मार’ म्हणजे प्रशिक्षण, असा समज आहे. प्रत्यक्षात या अभ्यासक्रमात शरीरक्रियाशास्त्र, हालचालींचे यंत्रशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, आहार, दुखापतींवरचा प्रथमोपचार, उत्तेजकांविषयीचे नियम आणि सरावाचे वार्षिक नियोजन असे विषय असतात. भडगावच्या रस्त्यावरचेच उदाहरण घेऊ.

भरतीची तयारी करणारी अनेक मुले रोज पूर्ण ताकदीने १६०० मीटर धावून वेळ मोजतात. पहिले काही आठवडे वेळ सुधारते, मग थांबते आणि नडगी दुखायला लागते. मूल आणखी जोर लावते आणि ऐन चाचणीच्या महिन्यात घरी बसते. शिकलेला प्रशिक्षक आठवड्यातले मोजकेच दिवस जोराचे ठेवतो, बाकीचे हलके. डांबरी रस्त्याऐवजी मातीची वाट शोधतो.

हा भार मोजण्याची एक साधी पद्धत जगभर वापरतात. सराव संपल्यावर खेळाडूला विचारायचे, शून्य ते दहामध्ये किती दमलास? तो आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणायचा. ४० मिनिटांचा हलका सराव आणि उत्तर ३, तर भार १२०. तेवढ्याच वेळाचा जोराचा सराव आणि उत्तर ८, तर भार ३२०. आठवड्याची बेरीज वहीत लिहायची. मागच्या आठवड्यात १००० आणि या आठवड्यात एकदम २०००, तर थांबायचे. याला प्रयोगशाळा लागत नाही. वही, पेन आणि हे कशासाठी करायचे ते समजलेला माणूस पुरतो.

दुसरे उदाहरण वयाचे. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. या काळात अनेक मुलांचा गुडघ्याच्या वाटीखालचा भाग दुखतो. ‘नाटक करतो’ म्हणून त्याच मुलाकडून उड्या मारून घेतल्या, तर दुखणे वाढते आणि मूल खेळच सोडते. शिवाय वर्गात एखादा मुलगा लवकर वाढला की तोच जिंकतो, त्याचीच निवड होते आणि उशिरा वाढणारा गुणी मुलगा बाहेर राहतो. वाढीचे वय ओळखणे हा प्रशिक्षणाच्या अभ्यासाचा भाग आहे.

तिसरे उदाहरण कुस्तीचे. खान्देशात जत्रेच्या दंगलीला आजही गर्दी होते. पण मॅटवरच्या कुस्तीत वजनगट असतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑगस्ट २०२४मध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीआधी अवघ्या १०० ग्रॅमने अपात्र ठरली, तेव्हा वजन हा किती नाजूक विषय आहे हे देशाला कळले. तालुक्याच्या स्पर्धेआधी चौदा वर्षांचे पोर पाणी न पिता वजन उतरवत असेल, तर त्याला थांबवणारा माणूस त्याच तालमीत हवा. त्यात जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात सराव कधी घ्यायचा आणि पाण्याबरोबर मीठ किती द्यायचे, हेही शिकण्याचेच विषय आहेत.

आचरेकर सर कोणत्या विद्यापीठात शिकले होते?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. रमाकांत आचरेकर यांनी शिवाजी पार्कवर अनुभवाच्या बळावर खेळाडू घडवले. १९९०मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मोठा प्रशिक्षक केवळ पदवीने होत नाही. पण शिवाजी पार्कवर एकाच मैदानात अनेक क्लब, जुने खेळाडू, पंच आणि रोजचे सामने होते. नवा प्रशिक्षक बघून बघून शिकत होता. तिथले मैदानच विद्यापीठाचे काम करत होते. भडगावात किंवा पारोळ्यात एकटा तरुण दहा मुलांना घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याची चूक दाखवणारे शेजारी कुणी नसते. औपचारिक शिक्षणाची गरज म्हणूनच मोठ्या शहरापेक्षा तालुक्याला जास्त आहे.

द्रोणाचार्य पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, १९८५मध्ये, मानकऱ्यांत मराठी नाव होते : कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत. त्याच यादीत होते पी. टी. उषाचे प्रशिक्षक ओ. एम. नांबियार. हवाई दलातून आलेल्या नांबियार यांनी पतियाळात प्रशिक्षणाची पदविका घेतली आणि ते केरळच्या कन्नूरमधील क्रीडा विभागात रुजू झाले. तिथे त्यांना शाळकरी उषा दिसली. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तिचे पदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. शिक्षण, नेमणूक आणि एकाच ठिकाणी घालवलेली वर्षे या तिन्ही गोष्टी जुळल्या, तेव्हा हे घडले.

जवळचे उदाहरण नाशिकचे. भारतीय खेळ प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी तिथे वर्षानुवर्षे धावपटू घडवले. सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत त्यांच्याकडे धावली आणि २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. तिच्या मागून आलेल्या संजीवनी जाधवने २०१७च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५ हजार मीटरचे कांस्य जिंकले. उलट बाजूला बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. त्याच्यातला धावपटू सैन्यात गेल्यावर समोर आला. सैन्यात गेलाच नसता, तर? प्रत्येक तालुक्यात असे किती अविनाश राहून जात असतील, याची मोजदाद कुणाकडेच नाही.

मग अडते कुठे?

पहिली अडचण अंतराची. पतियाळा भडगावपासून हजार किलोमीटरहून दूर, इम्फाळ त्याहून लांब. कापूस-केळीच्या भावावर घर चालणाऱ्या कुटुंबाला मुलाला, त्याहीपेक्षा मुलीला, तिकडे पाठवणे सोपे नाही. परिणामी महिला प्रशिक्षक कमी राहतात आणि मग ‘मैदानावर बाई नाही’ म्हणून वयात येणाऱ्या मुलींचा सराव घरचे बंद करतात.

दुसरी अडचण नोकरीची. तालुका क्रीडा संकुल म्हटले की धावपट्टी, कुंपण आणि उद्घाटनाची कोनशिला डोळ्यांपुढे येते. बांधकामाला निधी मिळतो; रोज सकाळ-संध्याकाळ तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पगाराचा प्रश्न मागे पडतो. केंद्राने जिल्हा पातळीवर एक हजार खेलो इंडिया केंद्रे उभारण्याची योजना आणली. तिथे माजी विजेत्या खेळाडूंनी शिकवावे, ही कल्पना चांगली आहे. परंतु चांगला खेळाडू आपोआप चांगला शिक्षक होत नाही. त्यालाही या शिक्षणाची जोड हवी. २०२५च्या ‘खेलो भारत’ धोरणातून देश २०३६च्या ऑलिम्पिककडे पाहतो आहे. त्या वेळी पदकाच्या वयात असणारी मुले आज प्राथमिक शाळेत आहेत. त्यांच्या गावात प्रशिक्षक आज हवा.

खान्देशात काय करता येईल?

शरीराचा शास्त्रशुद्ध अभ्यास ही खान्देशला परकी गोष्ट नाही. लोणावळ्यात १९२४मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगाचे प्रयोगशाळेत मोजमाप करणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी याच जिल्ह्यात, अमळनेरच्या खान्देश शिक्षण संस्थेत शिकवत होते. बडोद्याच्या माणिकरावांच्या व्यायामशाळेत ते तयार झाले होते. तालमीतून आलेला माणूस प्रयोगशाळेपर्यंत पोहोचू शकतो, हे अमळनेरने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि लांब पल्ल्याचे धावणे या चार खेळांपुरता प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम विद्यापीठाने मनावर घेतला, तर मुलींना परराज्यात जावे लागणार नाही. डॉक्टरला जशी आंतरवासिता असते, तसे प्रशिक्षणाच्या विद्यार्थ्याने शेवटचे सहा महिने एखाद्या तालुका संकुलात शिकवावे. विद्यार्थ्याला अनुभव मिळेल आणि तालुक्याला शिकलेला माणूस.

राज्य सरकारने त्यापुढचे पाऊल उचलावे : एका तालुक्यासाठी एक खेळ ठरवावा, एक प्रशिक्षक नेमावा आणि त्याला किमान दहा वर्षे तिथेच ठेवावे. नवे संकुल बांधण्यापेक्षा हे स्वस्त आहे. त्याची कोनशिला बसवता येत नाही, इतकेच.

बारावीनंतर निर्णय घेताना काय तपासावे?

• शाळेत शिक्षक व्हायचे की एका खेळाचा प्रशिक्षक, हे आधी ठरवा. दोन्हींच्या पदव्या वेगळ्या आहेत.

• विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का आणि हवा तो अभ्यासक्रम यंदा प्रत्यक्ष सुरू आहे का, हे अधिकृत संकेतस्थळावर पाहा. घोषणा म्हणजे प्रवेश नव्हे.

• ज्या नोकरीवर डोळा आहे, तिची जुनी जाहिरात काढून पात्रतेची अट वाचा. पदविका मागितली असेल, तर सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र चालणार नाही.

• खेळणे सोडू नका. विद्यापीठ आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे पुढच्या प्रवेशालाही लागतात.

• अभ्यासक्रमात प्रत्यक्ष मुलांना शिकवण्याचे तास किती आहेत, ते विचारा. तास नसतील, तर ती पदवी कागदावरच राहील.

ही पदवी नोकरीची हमी देत नाही आणि तसे सांगणाऱ्या संस्थेपासून दूर राहिलेलेच बरे. पण पाचोऱ्याच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या मुलीला ‘आज थांब, उद्या धाव’ असे कारणासह सांगू शकणारा माणूस तालुक्यात हवा असेल, तर त्याला कुणीतरी ते शिकवावे लागेल आणि शिकून आल्यावर भडगावात त्याच्यासाठी जागाही ठेवावी लागेल.