मांड आणि भरवसा

२०२३ साली हांगझो येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या चौघा स्वारांनी ड्रेसाज प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळविले. घोडेस्वारीतले हे सुवर्ण १९८२ च्या दिल्ली स्पर्धांनंतर प्रथमच आले, आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा हाही होता. आपल्या मुलीने घोड्यावर बसावयास शिकावे असे विरारच्या एखाद्या शिक्षकाला वा कारकुनाला आता वाटले, तर त्यात हसण्यासारखे काही नाही. घोडे पेंड खाते ते शिकवणीपाशी.

वसईच्या किनाऱ्यावर काय किंवा माथेरानच्या तांबड्या वाटेवर काय, आपण विकत घेतो ती फेरी. घोडेवाला लगाम धरून चालतो, मूल खोगीर घट्ट धरून बसते, छायाचित्र निघते. करमणूक म्हणून हे ठीकच. पण शिकवणीही ह्याच मापाने, मिनिटांवर विकली जाऊ लागली की बिघाड होतो. चौथ्या दिवशी पालक विचारतात, ‘दौड कधी?’ शिकविणाऱ्यालाही पोट असते. मागणी तसा पुरवठा, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा तो मुकाट्याने गिरवतो.

ह्या घाईत राहून जाते ती मांड. कान, खांदा, कंबर व टाच एका उभ्या रेषेत असावीत, हा तिचा नियम. स्वाराने खुर्चीत बसल्यासारखे न बसता पाय फाकून उभे राहिल्यासारखे बसावे, हे झेनोफोन ह्या ग्रीक सेनानीने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. अंगावर बसलेली माशी ज्या जनावराला कळते, त्याला स्वाराचे आखडलेले गुडघे कळत नसतील काय? भ्यालेले मूल पुढे झुकते, पायांनी घोड्याला आवळते आणि तोल सावरण्यासाठी लगाम ओढते. म्हणजे टाच ‘चल’ म्हणते आणि लगाम ‘थांब’ म्हणतो. बिचारा घोडा एकतर उधळतो, नाहीतर तोंडाने व कुशीने बधिर होतो. मग ‘घोडा खट्याळ आहे’ असा निवाडा देऊन चाबूक निघतो! गूळ चारून व मान थोपटून भरवसा येतो ही समजूत अपुरी आहे. दुखविणार नाही असा हात आणि न डळमळणारी बैठक हीच घोड्याला कळणारी भाषा होय. मुलाची भीतीही त्याच बैठकीने जाते, ‘घाबरू नकोस’ असे ओरडून नव्हे.

व्हिएन्नाच्या प्रसिद्ध अश्वशाळेत नवशिक्याला कित्येक महिने लगाम व रिकीब देतच नाहीत. घोडा लांब दोरीवर वर्तुळात फिरतो आणि शिष्य नुसता बसावयास शिकतो. आपल्याकडे हे महाग पडते, कारण एका शिष्यामागे एक शिक्षक व एक घोडा अडकून राहतो. परंतु चौघांचा गट करून एकाने दोरीवर बसावे, इतरांनी पाहावे, खरारा करावा, खूर साफ करावेत, असे केल्यास खर्च वाटला जातो आणि ओळखही वाढते. शुल्कही मिनिटांवर न घेता टप्प्यांवर घ्यावे.

ह्या हिशेबाची आणखी एक बाजू आहे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, त्यामुळे तो त्याला जपे. बारगिराचा घोडा सरकारी, म्हणून शिवाजी महाराजांच्या पागेत दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद व एक पखालजी नेमलेला असे, असे सभासद सांगतो. आजच्या शिकवणीचा घोडा तासावारी भाड्याचा. एका शिष्याने बिघडविलेल्या तोंडाची किंमत पुढचा शिष्य मोजतो, आणि त्याहून अधिक तो घोडा. ही किंमत कोणत्याच पावतीवर येत नाही.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी पालकांनी एक तास कुंपणापाशी उभे राहावे. डोक्याला टोप देतात का, एक घोडा दिवसातून किती तास राबतो, हे विचारावे. आणि लगाम कधी हाती देणार, ह्या प्रश्नाला मूल घोड्यावर बसलेले पाहण्याआधीच जो तारीख सांगेल, त्याच्याकडे नाव घालण्याची घाई करू नये.