गिरणगावातील घरे

मुंबईत कोणी आप्त नाही असे घर आपल्या गोमंतकात विरळाच. तेव्हा त्या शहरातील गिरणगावाचे काय झाले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

लालबाग, परळ, वरळी या भागांत कोकणातून व घाटावरून आलेले कामगार गिरणीच्या भोंग्यावर उठत, दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने निजत आणि एखाद्या बाईंच्या खाणावळीत जेवत. खोली लहान खरी. पण भाडे परवडे व कामावर पायी जाता येई.

१९८२ च्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या आणि जमिनीस सोन्याचे मोल आले. १९९१ च्या नियमाने या जमिनींचा पुनर्विकास करताना सुमारे एकतृतीयांश भाग मैदानांस व जवळजवळ तितकाच सामान्यांच्या घरांस द्यावयाचा होता. २००१ मध्ये दुरुस्ती झाली : वाटणी केवळ मुळातच रिकाम्या असलेल्या जमिनीची! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती ग्राह्य धरली. एवढ्याशा शब्दांनी शेकडो एकरांचा निकाल लावला.

कामगारांना काही घरे मिळाली. पण त्यांतील कित्येक पनवेलजवळच्या कोन गावी.

वस्ती बदलते याचे आम्हांस दुःख नाही. गिरणी कामगारही एके काळी तेथे उपरेच होते. आमचा आक्षेप निराळा आहे. नव्या मनोऱ्यांना स्वयंपाकीण हवी, पहारेकरी हवा, रुग्णालयास परिचारिका हवी. मात्र त्यांनी रात्री निजावे कोठे, हा प्रश्न नियम बदलणाऱ्यांनी विचारात घेतलेला दिसत नाही.