टब सजवायचा की झाकायचा?

रिद्धपूरच्या घरी परसात हॉट टब बसवलाय आणि आता त्याला रंगीत एलईडी, छोटा धबधबा, लाकडी पॅनल हवंय? थांबा बॉस! वऱ्हाडात मे महिन्यात टाकीतलं पाणीच चटके देतं, म्हणजे टबची खरी मजा हिवाळ्यातच. तेव्हा १००० लिटर पाणी २० वरून ३८ अंशांवर न्यायला साधारण २१ युनिट वीज लागते. टब उघडा ठेवला की ही महागडी ऊब वाफेवाटे उडून जाते. दिवे ती थोडेच अडवणार? धबधबा तर पाणी आणखी गार करतो, वर क्षारांचे पांढरे डाग! तेव्हा पहिला खर्च जाड, इन्सुलेटेड झाकणावर. दिवे हौसेपुरते घ्या, स्वस्तातले. पॅनलचं पॉलिश इथल्या उन्हात किती टिकेल, ते मात्र आधी सुताराला विचारा.