कांद्याची चाळ आणि सरकारी धोरण

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार-आवारात कांद्याच्या एका गाडीचा लिलाव काही क्षणांत आटोपतो. परंतु त्या भावामागे कित्येक महिन्यांचे श्रम व कर्ज उभे असते. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते, काढणी मार्च-एप्रिलात. आणि पुढे बरा भाव यावा म्हणून माल चाळीत भरला जातो. ही साठवण फायद्याची की तोट्याची, हे आकडे मांडूनच पाहिले पाहिजे.

काढणीच्या वेळी क्विंटलला १,५०० रुपये भाव आहे असे समजू. १०० क्विंटल कांदा तेव्हाच विकल्यास दीड लाख रुपये हाती येतात. तोच चाळीत ठेवला आणि घट व सड मिळून २५ क्विंटल गेला, तर उरलेल्या ७५ क्विंटलांना २,००० रुपये भाव मिळेल तेव्हाच दीड लाख भरतात. व्याज व निवडणीची मजुरी निराळीच. सबब, भावातील पहिली ५०० रुपयांची वाढ हा नफा नव्हे. ती केवळ घटीची भरपाई होय.

दि. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, तेव्हा शेतकऱ्याने ही घट आधीच सोसलेली होती. दि. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली, तेव्हा पुढील हंगामाची लागवड चालू होती. बंदी मे २०२४ मध्ये उठली. शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आले व १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. अशी बंदी २०१९ व २०२० सालीही घातली गेली होती.

शहरातील गरीब कुटुंबास कांदा परवडावा, हा हेतू योग्यच आहे. तथापि त्याचा भार कोणी वाहावा, हा खरा प्रश्न आहे. धान्य स्वस्त द्यावयाचे तर त्याचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो व लोकप्रतिनिधी त्यावर चर्चा करतात. निर्यात रोखून भाव उतरविला म्हणजे तोच खर्च पावतीवाचून शेतकऱ्याच्या खात्यातून वसूल होतो. उलट भाव कोसळला की तिजोरीला हात घालावा लागतो. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्यास राज्य शासनाने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, ते याच कारणाने. शिवाय माल वेळेवर न मिळाल्यास परदेशी ग्राहक दुसरीकडे वळतो, आणि गेलेला ग्राहक अनुदानाने परत येत नाही.

यावर उपाय अवघड नाही. कोणत्या भावाला कोणते निर्बंध लागू होतील, हे लागवडीपूर्वीच जाहीर व्हावे, आणि चाळीत माल असताना नियम बदलू नयेत. शेतकऱ्यानेही चाळीत शिरलेला व बाहेर पडलेला माल वजनानिशी वहीत लिहावा. आपली घट आकड्यांनी दाखविणाऱ्याच्या गाऱ्हाण्याला वजन येते. शासनालाही त्याचे म्हणणे सहजी डावलता येत नाही.